मा. कृषिमंत्री साहेब, घड जिरले त्याचा पंचनामा कोणी करायचा?

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, सप्रेम नमस्कार.

काल ग्रामपंचायतीच्या बोर्डावर द्राक्षबागांच्या नुकसानीची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. चौकशी केली तर माझ्या गटापुढे 'नुकसान आढळून आले नाही' असा शेरा. बांधावर आलेल्या मोठ्या साहेबांनी सगळ्या गावासमोर शब्द दिला होता की एकही बागायतदार सुटणार नाही. त्या शब्दाचं काय झालं, हे विचारायला लिहितोय.

2025 ला पाऊस मे महिन्यातच चालू झाला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या कापतात ती) साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या मालाचा घड तयार होतो, त्याला कडक ऊन लागतं, आणि नेमकं तेव्हाच ऊन नव्हतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटले पण घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा; यालाच आम्ही घड जिरणं म्हणतो. माझ्या थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या ज्या वेलीवर 30-35 घड धरायचो तिथं चार-पाच, काही वेली तर साफ वांझ. पण पानं हिरवीगार, शेंडा जोरात. तलाठी भाऊसाहेब रस्त्यावरूनच म्हणाले, बाग तर झकास दिसतीय. मी त्यांना हाताला धरून आत नेलं, काडी वाकवून दाखवली, तर म्हणे आमच्या फॉर्ममध्ये घड जिरल्याचा रकानाच नाही. कृषी सहायकांना हे सगळं कळत होतं, पण ते दुसऱ्या दिवशी आले, तोवर कागद पुढे गेला होता.

साहेब, तलाठी महसूलचे, ग्रामसेवक जिल्हा परिषदेचे, कृषी सहायक तुमच्या खात्याचे. पंचनाम्यावर सही तिघांची लागते आणि तिघांचे वरिष्ठ वेगळे. तहसीलला गेलो तर कृषीकडे जा, कृषीत गेलो तर महसूलने यादी पाठवली नाही. यांचे निरोप इकडून तिकडे मी पोचवायचे, आणि फवारणी कोणी करायची? फार्मर आयडी काढला, ई-पीक पाहणी केली, तरी परत सातबारा, आधार, पासबुकच्या झेरॉक्स द्याच.

द्राक्षात ऊन कमी पडलं की घड कमी निघतात हे शास्त्रज्ञ दर चर्चासत्रात सांगतात. पुण्याजवळ मांजरीला केंद्राचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे, राहुरीचं विद्यापीठ 1968 पासून आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. मग त्यांना माहीत असलेली गोष्ट पंचनाम्याच्या फॉर्मपर्यंत का पोचत नाही? यांना एकत्र आणायलाच 2005-06 ला 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजना आली ना? तिच्या जिल्ह्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी, म्हणजे महसूल आणि कृषी एकाच टेबलावर बसतात. तिथं हा विषय निघत नसेल तर त्या बैठका कशासाठी घेता?

आणि पावसाचं मोजमाप महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, एकाच ठिकाणी. तिथं 24 तासांत 65 मिलिमीटर भरला तर अतिवृष्टी, नाही भरला तर माझ्या शिवारात काहीही झालं तरी त्याची नोंद नाही.

बरं, मदत मिळालीच तर 2025 च्या निकषाप्रमाणे फळबागेला हेक्टरी 22,500 रुपये, म्हणजे एकरी 9,000. माझा एकरी खर्च अडीच लाखाच्या वर जातो. सोसायटीचं कर्ज आहे, पोरीची कॉलेजची फी थकलीय, औषधाच्या दुकानदाराचा फोन आता मी उचलत नाही. हे लिहायची लाज वाटते पण लिहितोय.

सरकारला समन्वय जमत नाही असं नाही, हे मला जास्त खुपतं. कांद्याला ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे 2024 पर्यंत चालली. तेव्हा वाणिज्य, ग्राहक व्यवहार, कस्टम, सगळ्यांना निरोप एका रात्रीत पोचला, बंदरावर कंटेनर अडकले. भाव पाडायचा असला की सगळी खाती एक होतात, आणि भरपाई द्यायची म्हटलं की प्रत्येकाचं टपाल वेगळं! लासलगावला कांदा विकणारा आणि निफाडला द्राक्ष लावणारा एकच माणूस असतो साहेब, त्याने किती बाजूंनी मार खायचा?

माझं मागणं एवढंच आहे. पंचनाम्यात घड जिरण्याचा रकाना टाका, तिघांना एकाच दिवशी बागेत पाठवा आणि सोबत द्राक्षातला एक जाणकार द्या. आमच्या गावाचा फेरपंचनामा एप्रिलच्या आत व्हायला पाहिजे. खरड छाटणी झाली की या काड्या कापल्या जातील, मग तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही उरणार नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक