माफ केलं म्हणता, मग परत कधी घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी ख्रिस्ती धर्मातल्या क्षमेची बरीच थट्टा केली आहे. पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा. इतकी सवलतीची व्यवस्था दुसरीकडे कुठे सापडणार, असा त्यांचा सूर आहे. आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, काही जण ते पत्र वाचून रागावले. मला राग आला नाही, कारण कबुलीचा असा सोयीस्कर वापर करणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण मंडळीची चिटणीस म्हणून अनेक वर्षं मी कमिटीची इतिवृत्तं लिहिली आहेत, आणि त्या वह्यांमधून जे दिसतं ते त्या गृहस्थांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. आमच्याकडे क्षमा जाहीर होते आणि माणूस मात्र वर्षानुवर्षं दाराशीच उभा राहतो.

हे कसं घडतं ते एका उदाहरणाने सांगते. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

आमचे एक खजिनदार होते. इमारत निधीतले पैसे त्यांनी घरच्या अडचणीत वापरले. चार दिवसांत परत ठेवू म्हणून हात घातला, मग पुन्हा घातला. हिशेबतपासणी जवळ आली तेव्हा खोटी पावती करणं त्यांना अवघड नव्हतं. त्याऐवजी ते पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. ‘मोकळे झाले’ हे आपलं बोलण्यापुरतं. पुढच्या बैठकीत ते कमिटीसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. ठराव झाला: खजिनदारपदावरून दूर करावं, रक्कम हप्त्याने वसूल करावी, पुढील निर्णय होईपर्यंत प्रभुभोजनापासून (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवावं. प्रार्थना झाली. ‘आम्ही तुम्हाला क्षमा केली आहे,’ असं सगळे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. ते सगळं मीच लिहून घेतलं.

त्यांनी पै न पै फेडली. शेवटच्या हप्त्याची पावती दप्तरात आहे. पण ‘पुढील निर्णय’ कुठल्याही वहीत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट त्यांच्या बाकापाशी आलं की ते मान खाली घालत आणि शेजारचा माणूस ताट त्यांच्यासमोरून पुढे सरकवी. कुणी मना करत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. नवीन पाळकसाहेब आले, त्यांनी हे पाहिलं आणि बैठकीत सरळ विचारलं, ‘यांच्यावरची शिस्त कधी उठली?’ (शिस्त म्हणजे मंडळीने लावलेली अशी शिक्षा.) सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी जुनी दप्तरं काढली. शिस्त लावल्याचे ठराव सापडत गेले, याच प्रकरणाचे नव्हे तर आणखीही. शिस्त उठवल्याचे फारच थोडे. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. माणूस घसरला की विषयपत्रिका आपोआप तयार होते. तो सावरला, हा विषय बैठकीत आणणं मात्र कुणाचंच काम नसतं.

पवित्र शास्त्रात याची आठवण करून देणारा एक परिच्छेद आहे, पण उपदेशात तो क्वचितच ऐकायला मिळतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीतल्या एका माणसाविषयी लिहितो. तो कोण, त्याने नेमकं काय केलं, हे पौल सांगत नाही (मला वाटतं मुद्दामच). मंडळीतल्या बहुतेकांनी त्याला शिक्षा केली होती. पौल म्हणतो, झाली तेवढी शिक्षा पुरे. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाही तर तो दुःखाने पार बुडून जाईल. इथे पौल त्या माणसाशी बोलतच नाही. तो मंडळीशी बोलतो. पश्चात्ताप त्या माणसाचा झाला, आता कर्तव्य तुमचं उरलं आहे, असा त्याचा रोख आहे. आणि पुढे तो असंही सुचवतो की ते केलं नाही, तर सैतानाला आयतीच संधी मिळेल. आम्ही सैतान शोधतो तो पाप करण्याच्या घटकेत. पौलाला तो शिक्षा लांबवण्यातही दिसतो.

सवलतीचा मुद्दा काढणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगेन की आमच्या शास्त्रात क्षमा आणि परिणाम हे एकाच वेळी चालतात. दावीद राजाने ‘मी पाप केलं’ म्हटलं, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच भेटीत त्याला क्षमा सांगितली. पण तुझ्या घरातून तलवार हटणार नाही, हेही त्याच भेटीत सांगितलं. जक्कय जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला, आणि फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो असं जक्कयाने उभं राहून जाहीर केलं. मोकळे होणं इतकं सोपं असतं तर त्याला पैशाची थैली सोडावी लागली नसती.

चर्चच्या इतिहासात तर या प्रश्नावरून मोठी फूट पडली. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरले. काहींनी बळी अर्पण केले, काहींनी पैसे चारून नुसतेच दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर ही माणसं रडत दाराशी आली. आता यांचं काय करायचं? रोममधला नोव्हाशियन म्हणाला, यांना मंडळीत परत घेता येणार नाही, आणि त्याने वेगळी चूल मांडली. दुसऱ्या टोकाला काही जण त्यांना लगोलग प्रभुभोजन द्यायला तयार होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधे उभा राहिला. 251 मध्ये तिथे परिषद भरली आणि प्रत्येकाचा अपराध वेगळा तपासून, प्रायश्चित्ताच्या वाटेने परत आणायचं ठरलं. पुढे पुन्हा छळाची चाहूल लागली तेव्हा सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रायश्चित्त करत असलेल्यांना मुदत संपण्याची वाट न पाहता आत घेतलं. उद्या ज्याला विश्वासासाठी मरायला सांगायचं, त्याला आज भाकरी कशी नाकारायची, हा त्यांचा विचार होता.

पण मला सगळ्यात उपयोगी वाटते ती 325 सालची निकियाची बिशपांची परिषद. ही परिषद लोकांना माहीत असते ती विश्वासांगीकारासाठी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीरनाम्यासाठी. तिचे नियम फारसं कुणी वाचत नाही. अकरावा नियम अशा लोकांबद्दल आहे, ज्यांनी जीवावर बेतलेलं नसताना, मालमत्तेवर टाच नसतानाही विश्वास सोडला होता. त्यांनी मनापासून पश्चात्ताप केला तर 3 वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांत बसावं, 7 वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, आणि 2 वर्षं सर्वांबरोबर प्रार्थनेत राहावं, मात्र प्रभुभोजन घेऊ नये. एकूण 12 वर्षं. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण नीट पाहा, त्या नियमाला शेवट आहे. बारा वर्षांनी तुझी जागा तुझी, हे पहिल्याच दिवशी सांगितलं जात होतं. मधल्या पायऱ्याही ठरलेल्या, त्यामुळे आपण कुठवर आलो हे त्या माणसालाही कळे आणि मंडळीलाही. बाराव्या नियमात, पश्चात्ताप खरा दिसला तर बिशपने अधिक दया दाखवावी, अशी मोकळीकही आहे. आणि मरणाच्या दारातल्या माणसाला प्रभुभोजन नाकारू नये, असं तेरावा नियम सांगतो. आमची कमिटी त्या परिषदेपेक्षा मवाळ आहे असं आम्ही समजतो. आमच्या ठरावात मात्र तारीखच नसते. अमर्याद मवाळपणा म्हणजे जन्मठेपच की!

आता पदाची गोष्ट. खजिनदारांना प्रभुभोजनाला परत घेण्याचा ठराव आला, तेव्हा कमिटीतल्या एका तरुण सभासदाने विचारलं, ‘मग त्यांना खजिनदार का करत नाही? पेत्राला येशूने काम परत दिलंच ना?’ प्रश्न चांगला होता. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत, तीन वेळा त्याला नाकारलं. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव दिसतो, आणि येशू त्याला तीन वेळा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? पेत्राला वाईट वाटतं, असं योहान आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहितो. म्हणजे झालं गेलं विसरा, असा हा प्रकार नव्हता. जखमेला हात लागला. पण त्याआधी न्याहारी झाली होती. येशूने विस्तव पेटवून मासे-भाकर तयार ठेवली, आधी जेवा म्हणाला, आणि चौकशी मग केली. आमच्या बैठका याच्या नेमक्या उलट क्रमाने चालतात.

पेत्राला मेंढरं राखण्याचं, म्हणजे येशूच्या अनुयायांना सांभाळण्याचं, काम मिळालं हे खरं. पण तो भीतीने डगमगला होता. सोपवलेल्या मेंढरांना त्याने लुबाडलं नव्हतं. निकियाच्याच दहाव्या नियमात, विश्वास सोडलेल्यांना नकळत किंवा जाणूनबुजून धर्मगुरूपदाची दीक्षा दिली गेली असेल तर त्यांना पदावरून काढावं असं आहे. म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजावरची जागा आणि हातातला अधिकार यांत फरक करण्याची रीत जुनीच आहे. मी तरुण सभासदाला तेवढंच सांगितलं. खजिनदारांनी मात्र आमचा वाद एका वाक्यात संपवला. ‘पैशाच्या पेटीपासून मला लांबच ठेवा,’ ते म्हणाले, ‘पण मला काही तरी काम द्या.’ आता ते आजाऱ्यांच्या भेटी घेतात. कुणाकडे किती वेळ बसायचं आणि केव्हा गप्प राहायचं, हे त्यांच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहायला हवी, नाही तर माझ्या पत्राचा गैरवापर होईल. ज्याने लहान मुलांना किंवा आपल्या देखरेखीखालच्या कुणाला इजा केली, त्याला मुलांच्या किंवा अधिकाराच्या जवळ पुन्हा फिरकू देता कामा नये, त्याचा पश्चात्ताप कितीही खरा असो. ती बाब आधी पोलिसांकडे जायला हवी, कमिटीकडे नव्हे. आणि जिला किंवा ज्याला इजा झाली, त्या व्यक्तीला ‘तू ख्रिस्ती आहेस, माफ कर’ असं सांगायला कुणीही जाऊ नये. कुटुंबाची किंवा मंडळीची अब्रू वाचवण्यासाठी क्षमेचा बोळा तोंडात कोंबणं, हे मी पाहिलं आहे. त्याला क्षमा म्हणत नाहीत. परत घेण्याची घाई आणि परत न घेण्याचा आळस, दोन्हींत दुबळ्या माणसाचाच बळी जातो.

मंडळीतल्या लोकांना माझी एक विनंती आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सत्ताविसाव्या अध्यायाची सुरुवात एकदा वाचा. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याला पस्तावा होतो. तो तीस रुपये घेऊन मुख्य याजक आणि वडील यांच्याकडे जातो. निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं, असं तो कबूल करतो. इतकी स्पष्ट कबुली पेत्राच्याही तोंडी आलेली नाही. आणि धर्माचा कारभार पाहणारी ती माणसं काय म्हणतात? त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. यहूदा रुपये मंदिरात फेकून निघून जातो आणि गळफास घेतो. यहूदाच्या पापावर पुष्कळ उपदेश ऐकले; त्या उत्तरावर एकही ऐकला नाही. कबुली ऐकणारे आपणही कमिटीवाले आहोत, त्यामुळे तो उतारा मला अस्वस्थ करतो.

म्हणून आमच्या कमिटीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे. शिस्तीच्या प्रत्येक ठरावात दोन ओळी जास्त लिहाव्यात. पहिली, या विषयाचा फेरविचार अमुक तारखेच्या बैठकीत होईल. दुसरी, तोवर त्या व्यक्तीला नियमितपणे भेटण्याची जबाबदारी अमुक दोघांची. त्यांची नावं ठरावातच असावीत. फेरविचारात पश्चात्ताप दिसला नाही, तर मुदत वाढवायला हरकत नाही, पण तीही तारीख घालूनच. आणि परत घेताना जेवढ्या लोकांसमोर शिस्त लावली, तेवढ्याच लोकांसमोर परत घ्यावं. सूचनेला फारसा विरोध झाला नाही. ‘तारीख घातली की माणूस फक्त दिवस मोजत बसेल,’ असा एक आक्षेप आला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. भेटणारी दोन माणसं त्यासाठीच हवीत, असं मी म्हटलं. निर्णय अजून व्हायचा आहे. इतर मंडळ्यांमध्ये शिस्त उठवण्याची काही पद्धत ठरलेली असेल, तर तिथल्या चिटणिसांनी याच सदरात जरूर लिहावं. पुढच्या बैठकीआधी लिहिलं तर फार उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एका मंडळीची माजी चिटणीस