पहिला रिपोर्ट त्या सुईचा नाही

सदाशिव पेठ, पुणे

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "रिपोर्ट निगेटिव्ह आला, विषय संपला." रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे हे वाक्य मला तसेच सोडून देता येत नाही. फोनवर सांगितलेले निम्मे विसरले जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रविवारी मुठेच्या काठी कचरा उचलताना ती सुई हातमोज्यातून तळव्यात गेली आणि त्याच दुपारी ससूनमध्ये तुझे रक्त घेतले. त्या रक्ताने एवढेच सांगितले की, सुई टोचण्यापूर्वी तुला एचआयव्ही किंवा यकृताला सूज आणणारे हेपॅटायटिस बी आणि सी यांपैकी कोणताही संसर्ग झालेला आढळला नाही. विषाणू शरीरात शिरला असला, तरी तपासणीत दिसण्याइतका वाढायला किंवा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे (शरीर विषाणूशी लढायला बनवते ती प्रथिने) तयार व्हायला काही आठवडे जातात आणि त्या काळातला निगेटिव्ह रिपोर्ट निर्वाळा देऊ शकत नाही. पहिली तपासणी करतात ती पुढच्या तपासण्यांशी ताडून पाहण्यासाठी. तो कागद फाइलमध्ये नीट लावून ठेव.

आता धोका किती, ते सांगते, कारण तू एका क्षणी निर्धास्त असतोस आणि दुसऱ्या क्षणी घाबरलेला. रुग्णालयात एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर सरासरी 1000 प्रसंगांपैकी सुमारे 3 प्रसंगांत संसर्ग होतो. हेपॅटायटिस सी साठी जुन्या अभ्यासांत हे प्रमाण 100 मागे सुमारे 2 असे धरले जाई. नंतरच्या मोठ्या पाहणीत ते 1000 मागे सुमारे 2 इतके कमी आढळले. हे आकडे ताज्या रक्ताचे आणि बाधित असल्याचे ठाऊक असलेल्या रुग्णांचे आहेत. उघड्यावर पडलेल्या सुईतून एचआयव्ही होणे अत्यंत विरळ, कारण वाळलेल्या रक्तात हा विषाणू फार काळ तग धरत नाही. हेपॅटायटिस सी चा विषाणू मात्र अधिक चिवट आहे. सिरिंजच्या पोकळीत राहिलेल्या रक्तात तो कित्येक आठवडे टिकल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. तुझ्या सिरिंजमध्ये ओलसर रक्त होते, असे तू सांगितलेस म्हणून डॉक्टरांनी एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या सुरू केल्या आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

या दोन विषाणूंच्या बाबतीत आपल्याला वागावे लागते ते मात्र अगदी वेगळे. एचआयव्हीसाठी सगळी घाई सुरुवातीला असते: प्रतिबंधक औषध शक्य तर पहिल्या काही तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, मग ते 28 दिवस रोज घ्यायचे. तू वेळेत पोहोचलास, याचे मला फार समाधान आहे. मळमळते, झोप उडते म्हणून एकही गोळी चुकवू नकोस. फार त्रास झाला तर डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने थांबवू नकोस. पित्तावर तू जी औषधे घेतोस, त्यांपैकी काहींमुळे, तसेच कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांमुळे तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांतले डोल्युटेग्राविर हे औषध पुरेसे शोषले जात नाही. म्हणून त्यांच्यात किती तासांचे अंतर ठेवायचे, ते विचारून घे.

हेपॅटायटिस सी ला असे प्रतिबंधक औषधही नाही आणि लसही नाही. तिथे वाट पाहायची आणि नेमक्या वेळी तपासायचे. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) तपासणी होते, कारण ती थेट विषाणूच शोधते. प्रतिपिंडांची तपासणी सुई टोचल्यापासून चार ते सहा महिन्यांनी. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. प्रतिपिंडे पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे नव्हे, कारण काही जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो आणि प्रतिपिंडे तरीही राहतात. असा रिपोर्ट हातात घेऊन खचलेली माणसे मी पाहिली आहेत. पुढची आरएनए तपासणी होईपर्यंत त्यांना कोणी हे समजावून सांगितलेले नसे. आणि समजा, संसर्ग झालाच, तरी आज हा आजार बरा होतो. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरसारख्या गोळ्यांनी बहुतेकांचा उपचार 12 आठवड्यांत पूर्ण होतो, 100 पैकी 95 हून अधिक जण विषाणूमुक्त होतात आणि 28 जुलै 2018 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. मात्र हा आजार वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता यकृत पोखरतो, म्हणून "मला बरे वाटते आहे" या कारणाने तपासणी टाळायची नाही.

हेपॅटायटिस बी ची लस तुला लहानपणी दिली आहे, कार्डावर नोंद आहे. संरक्षण अजून पुरेसे आहे का, ते रक्तातील प्रतिपिंडांच्या पातळीवरून कळेल. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, ते बरे झाले.

एचआयव्हीच्या पुढच्या तपासण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा करायच्या आहेत. सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात त्या मोफत होतात, निकाल गोपनीय राहतो. एचआयव्ही-एड्सविषयीच्या 2017 च्या कायद्यानुसार तुझ्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि नोकरीसाठी अशी चाचणी सक्तीची करता येत नाही, त्यामुळे हिंजवडीच्या ऑफिसात कोणाला कळेल ही भीती मनातून काढून टाक. रात्री-अपरात्री शंका आली तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर विचारता येते.

मुक्ताला अजून सांगितले नाहीस, हे मला पटलेले नाही. पुढच्या तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत निरोध वापरायचा आहे, बाळाचा विचार लांबणीवर टाकायचा आहे आणि रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवायचे आहेत; हे सगळे तिच्यापासून लपवून कसे जमणार? आईने मुलाशी हे बोलावे की नाही, असा संकोच मी केला नाही, तसा तूही तिच्यापाशी करू नकोस. एका ताटात जेवण्याने, मिठीने, कपडे एकत्र धुण्याने यांपैकी काहीही पसरत नाही, हेही तिला सांग. रक्तदान मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत करायचे नाही.

तुमच्या गटातल्या मुलांना सांग की सुई टोचल्यावर जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच रुग्णालय गाठायचे. पुढच्या वेळी चिमटे आणि जाड डबा घेऊनच नदीवर जा. या शहरातल्या कचरावेचक बायकांच्या हाताला अशा सुया किती वेळा टोचतात आणि त्यांतल्या किती जणी 72 तासांत औषधापर्यंत पोहोचतात, याचा विचार मला या आठवड्यात फार छळतो आहे. बाबांच्या इन्सुलिनच्या सुया मी झाकणाच्या जाड बाटलीत साठवते आणि चिठ्ठी लावून वेगळ्या देते. तुमच्या सोसायटीतही तसे सुरू करता आले तर पाहा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मुक्ता येणार नसेल, तर मी येईन. तारीख कळव.

तुझी,
आई