डेस्कटॉप विकण्याआधी

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डेस्कटॉप विकून, वर भर घालून गेम खेळायला भारी लॅपटॉप घ्यायचा तुझा बेत आईला लगेच पटला. टेबलाखालचं धूड एकदाचं जाईल, एवढंच तिचं म्हणणं. मी मात्र अडखळलोय.

तू लिहितेस, "लॅपटॉपमध्येही आरटीएक्स ४०९०च आहे, मग फरक काय?" गोम इथेच आहे. आरटीएक्स ४०९० हे गेममधलं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स चिपचं नाव, पण दोन्हीकडे चिप एक नाही. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कूडा कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणारे छोटे भाग, आणि २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. म्हणजे आतली चिप डेस्कटॉपच्या एक पायरी खालच्या ४०८०ची, पाटी तेवढी वरची लावलेली. शिवाय डेस्कटॉपचं कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खातं. लॅपटॉपमध्ये त्याच नावाच्या चिपला कुणी ८० वॅट देतं, कुणी १५०. त्यामुळे एकाच नावाचे दोन लॅपटॉपही सारखे पळत नाहीत. नाव सोड, वॅट विचार. दुकानदार टाळाटाळ करेल, तरी विचार.

"कुठेही बसून खेळता येईल" हेही अर्धंच खरं. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठे लॅपटॉपही ९९ च्या आसपास थांबतात. गेम चालू असताना मशीन दीड-दोनशे वॅट ओढायला लागलं, तर ती बॅटरी कितीशी पुरणार? म्हणून प्लग काढला की ते आपणहून वेग कमी करतं. म्हणजे खेळायचं तर भिंतीजवळच बसायचं, आणि सोबत विटेएवढा अडॅप्टर वागवायचा. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर व्हिडिओ रेंडर करताना डब्ल्यूचं बटण इतकं तापतं की बोट टेकवत नाही. गेममध्ये पुढे चालायला तुझं बोट नेमकं त्याच बटणावर असतं!

आणि दुरुस्ती. केबिनेटचा मागचा पंखा घरघरायला लागला तेव्हा आपण दोघांनी तो बदलला, आठवतंय? तू टॉर्च धरला होतास, स्क्रू मदरबोर्डखाली गेला, मग आख्खं केबिनेट उलटं करून हलवलं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप सहसा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पातळ मॉडेलांत बहुतेक वेळा रॅमसुद्धा. एक गेलं की बोर्डच बदला.

तुझी बाजूही आहे, नाही कशाला म्हणू. वर्षात दोनदा खोली बदलायची असेल, तर मॉनिटर-केबिनेट वाहणं म्हणजे शिक्षाच. तसं असेल तर बिनदिक्कत लॅपटॉप घे, पण थोडा जाड घे. पातळपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. मॅकचा विचार असेल तर आधी तुझ्या गेमांची यादी तपास. अँटी-चीटवाले, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लागणारे, बरेच ऑनलाइन गेम तिथे चालतच नाहीत.

मला विचारशील तर पंधरा दिवस एका कागदावर लिहून ठेव: मशीन सोबत हवं होतं असं कधी वाटलं, आणि कशासाठी. नोंदी असाइनमेंटच्याच निघाल्या, तर साधा हलका लॅपटॉप पुरे; डेस्कटॉप राहू दे.

विकायचंच ठरलं, तर आतली एसएसडी काढून घे, तुझे सगळे फोटो त्यावर आहेत. आणि बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू अजून माझ्या खणात पडलाय. तो घेऊन जा.

तुझा,
बाबा