कॅलेंडरवरचे तेवीस चौकोन

ता. सेलू, जि. वर्धा
२१ डिसेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले की तू मधेच "आई, पण..." म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं राहून जातं. म्हणून हे पत्र. तुझे बाबा वावरात गेले आहेत, कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. ते येईपर्यंत घर शांत आहे.

पोळ्याच्या आठवड्यात मी पडले तेव्हा तू म्हणालास, "आई, आता पुरे झाली सायकल." दिवाळीला आलास, प्लास्टर निघालेलं पाहिलंस, मला पुन्हा सायकलवर पाहिलंस आणि उलट टोकाला गेलास. "चालवायचीच असेल तर नीट टार्गेट ठेव. पुढच्या वर्षी दोनशेची ब्रेव्हे कर, मी सोबत येतो." दोन्ही वेळा तू माझ्या काळजीनंच बोललास, हे मला कळतं. पण दोन्हींवर मी बरेच दिवस विचार करत होते आणि आता माझं ठरलं आहे.

आधी ब्रेव्हेचं बघू. ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी ती, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. भागाकार केला तर ताशी १४.८ येतात आणि त्यातच पाणी पिणं, जेवणं, पंक्चर काढणं. माझा सपाटीवरचा वेग १४, वारा पाठीशी असला तर १५. म्हणजे साडेतेरा तास कुठेही पाय न टेकता चालवली तरी मी थोडी मागेच पडेन. एक वर्ष घासून वेग १८ वर नेता येईल कदाचित. पण मला ते करावंसं वाटत नाही, आणि त्याचं कारण वेगाचं नाही. त्या एका दिवसासाठी बाकीचं सगळं वर्ष राबवायचं, हे मला पटत नाही. वर्षाकडून मला पुष्कळ दिवस हवे आहेत.

तर माझं लक्ष्य वेगळं आहे आणि ते मला एका खगोलशास्त्रज्ञाकडून मिळालं. सर आर्थर एडिंग्टन. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो का, हे मोजायला जे प्रिन्सिपे बेटावर गेले होते तेच. आइन्स्टाइनचं म्हणणं जगाला पटलं ते या मोजमापांमुळे. हे गृहस्थ सायकलवेडे होते आणि त्यांनी स्वतःसाठी एक आकडा काढला होता. सोपा आहे. तुझा आकडा २० असेल, तर त्याचा अर्थ तू किमान २० वेगवेगळ्या दिवशी किमान २० मैल सायकल चालवली आहेस. २१ व्हायचा असेल तर २१ मैलांचे २१ दिवस हवेत. जे दिवस बरोब्बर २० चे होते ते आता हिशोबातून बाद.

चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकी प्रामाणिक मोजणी क्वचित पाहिली. एका दिवशी जीव तोडून दोनशे किलोमीटर गेलं तरी त्याचा एकच दिवस धरला जातो. आणि रोज आरामात पाच-पाच मैल केले तर आकडा पाचावरच अडकून राहतो. अंतर आणि सातत्य, दोन्ही थोडंथोडं वाढवावं लागतं. शिवाय आकडा जसा मोठा होतो तशी पुढची पायरी अवघड होत जाते, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

आपले चंद्रशेखर आठवतात ना, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर? १९३५ साली लंडनला भर सभेत एडिंग्टननी त्यांचं पांढऱ्या बटू ताऱ्यांवरचं काम खोडून काढलं. चंद्रशेखर तेव्हा २४ वर्षांचे. काम बरोबर होतं, पुढे १९८३ मध्ये नोबेल मिळालं. पण त्या भांडणानंतरही दोघांचा पत्रव्यवहार थांबला नाही आणि एडिंग्टन आपला सायकलचा आकडा त्यांना कळवत राहिले. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की आकडा अजून ७५ वरच आहे, आणि ईस्टरला दोन फेऱ्या पाव कमी पंच्याहत्तर मैलांच्या झाल्या, त्या धरता येत नाहीत. एवढा मोठा माणूस पाव मैलासाठी हळहळतो आणि तरी ती फेरी धरत नाही, हे वाचून मला ते जवळचे वाटले.

मग मी तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं काढली. तुला माहीत आहे, दुधाच्या हिशोबाखाली मी किलोमीटर लिहिते. तुझे बाबा म्हणाले, "काय शोधून राहिली?" मी सगळे आकडे उतरत्या क्रमानं मांडले. मैलांऐवजी किलोमीटर धरले, आपल्याकडे मैल कोण मोजतं. २२ किंवा जास्त किलोमीटरचे दिवस निघाले २४. २३ किंवा जास्तचे २१. म्हणजे माझा आकडा आज २२ आहे.

येत्या वर्षी तो ३० करायचा. तीसच्या वरचे माझे आत्तापर्यंत ७ दिवस आहेत, म्हणजे आणखी २३ हवेत. बोर धरणाला जाऊन येऊन ३१ होतात. धरणाच्या थोडं अलीकडून मी चार वेळा परत फिरले होते, ते चारही दिवस २९ चे. तेव्हा वाटलं काय फरक पडतो. आता कॅलेंडरवर ते चार चौकोन दिसले की एडिंग्टनचे पाव मैल आठवतात.

तेवीस दिवसांची वाटणी अशी केली आहे. जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आठवड्याला एक, म्हणजे १०. मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत शून्य. इथला उन्हाळा तू विसरला असशील, पुण्यात राहून. मे महिन्यात सकाळी आठलाच डांबराची वाफ तोंडावर येते. त्या दिवसांत घराजवळच सहा-सात किलोमीटर, उन्हं चढायच्या आत. पावसाळ्यात उघडीप बघून ३ धरले आहेत, जास्त नाहीत. पांदणीनं गेलं तर आपली काळी माती मडगार्डमध्ये इतकी गच्च बसते की चाक फिरत नाही. काडीनं उकरत बसावं लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचे तेरा आठवडे, त्यात १०. सणवार, पाहुणे, सर्दी-पडसं यांचे तीन आठवडे सोडलेलेच आहेत.

आणि एक नियम मी कॅलेंडरच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिला आहे: चौकोन कोरा राहिला तरी चालेल. अंगात कसर असताना, प्रेशरची गोळी चुकली असताना, किंवा आभाळ भरलेलं असताना आकड्यासाठी बाहेर पडायचं नाही. धरणाच्या रस्त्यावर सूर्य वर आल्याशिवाय जायचं नाही. तिकडे जंगल लागतं, व्याघ्रप्रकल्प आहे, पण मला वाघापेक्षा रोह्याची, म्हणजे नीलगाईची, भीती वाटते. तुरीतून एकदम उडी मारून रस्त्यावर येतो.

आता पडण्याबद्दल. मी तुला तेव्हा नीट सांगितलं नव्हतं, फक्त "घसरले" म्हणाले. नाल्याच्या पुलाजवळ गिट्टी पसरलेली होती, पाऊस पडून गेलेला, आणि मी वळणावर पुढचा ब्रेक दाबला. चूक माझीच होती. वळायच्या आधी वेग कमी करायचा असतो, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. मनगटाला बारीक तडा गेला आणि सहा आठवडे प्लास्टर. पण त्या निमित्तानं हाडांची तपासणी झाली आणि ती विरळ झालेली निघाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं. सायकल छातीला आणि मांड्यांना चांगली, गुडघ्यांनाही सोपी, पण शरीराचा भार सीटवर असतो. हाडांना वजन पेलावं लागत नाही, म्हणून नुसत्या सायकलनं हाडं बळकट होत नाहीत.

म्हणून वर्षाच्या लक्ष्यात किलोमीटर सोडून दुसरंही काही आहे. आठवड्यातून दोनदा गच्चीच्या पायऱ्या दहा वेळा चढ-उतार. पाण्याचा अर्धा भरलेला गुंड (हंडा) दोन्ही हातांनी उचलून ठेवणं, कंबर न वाकवता. संध्याकाळी दाराच्या चौकटीला हात लावून एका पायावर उभं राहणं, आधी डावा, मग उजवा. परवा उजव्यावर चाळीसपर्यंत मोजलं. डावा पंचविसाला डळमळतो. हेही कॅलेंडरवर आहे, निळ्या शाईत.

वय झाल्यावर सुधारणा होते का, असं तुझे बाबा विचारतात. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी शंभराव्या वर्षी तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली होती. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, २६.९२७. मधल्या काळात त्यांनी नेमानं सराव केला होता. मग १०५ व्या वर्षी २२.५४७, म्हणजे कमी झाले, पण तेव्हाही ते मोजायला उतरलेच. मी अजून त्रेसष्टचीही नाही.

तू पुण्याला जाऊन बारा वर्षं झाली, तुला एक दृश्य बघायला मिळालेलं नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या फाट्यावर सरकारी योजनेतल्या सायकली घेतलेल्या पंधरा-वीस मुली हायस्कुलात निघतात, दप्तरं कॅरिअरला बांधून. मी शिकवायला लागले तेव्हा सातवीनंतर आपल्या गावातल्या निम्म्या मुली घरी बसत. शाळा चार किलोमीटरवर होती, एवढंच कारण. मी कितीतरी आई-बापांच्या ओसरीवर बसून बोलले आणि बहुतेक वेळा हात हलवत परत आले. आता त्याच घरांतल्या नाती सायकलनं जाताना दिसतात. पडले त्या दिवशी मला रस्त्याच्या कडेला यांनीच बसवलं. एकीनं ओढणीनं हात गळ्यात बांधला, दुसरी माझी सायकल हातानं ढकलत घरापर्यंत आली. "मॅडम, तुम्ही सायकल सोडू नका बरं," असं तीच म्हणाली. आठवीत आहे.

सुरुवातीला लोक विचारायचे, "कुठी चालल्या बाई? स्कुटी बिघडली काय?" आता नाही विचारत. आणि गेल्या महिन्यात तुझ्या मोठ्या आईनं मला हळूच विचारलं, "मले येईन का?" सहासष्ट वर्षांची आहे ती. लहानपणी भाऊ शिकले, हिला कोणी हात लावू दिला नाही. मी हो म्हटलं. खळ्यात शिकवते आहे. सीट अगदी खाली केली, दोन्ही तळपाय टेकतील इतकी, आणि पॅडल काढून टाकले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते माझ्या लक्षात नव्हतं, पान्यावर दहा मिनिटं जोर केला. आता ती पायांनी ढकलत चालते, मग थोडं थोडं पाय उचलते. तोल आला की पॅडल लावणार. गुढीपाडव्याला ती देवळापर्यंत स्वतः जाईल असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. हे लक्ष्य तिचं आहे, पण मला ते माझ्या तीसपेक्षा मोठं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी मी तुझ्या बाबांनाही चाळीस वर्षांत एकदाच सांगितली. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांची भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. तरुण मुलं-मुली सायकलवर, आणि सत्तरी ओलांडलेले, पाठीच्या दुखण्यानं बसूही न शकणारे बाबा त्यांच्यासोबत. मी २२ वर्षांची होते. मला जायचं होतं. तुझ्या आजोबांनी "मुलीच्या जातीनं?" एवढंच विचारलं आणि विषय संपला. मी त्यांच्यावर राग धरलेला नाही, पण ती यात्रा मी विसरलेही नाही.

तर येत्या वर्षाच्या शेवटी मी आनंदवनाला जाणार आहे. सायकलनं, दोन दिवसांत, मधला मुक्काम हिंगणघाटला तुझ्या मामाकडे. परतताना सायकल टेम्पोत टाकायची. दोन्ही दिवस तीसच्या वरचे होतील, म्हणजे तेवीसांतले शेवटचे दोन चौकोन तेच असावेत अशी इच्छा आहे. तुझ्या ब्रेव्हेऐवजी त्या दोन दिवसांसाठी सुट्टी काढ. माझ्या पुढे जायचं नाही, बरोबरीनं चालवायची. चालवताना बोलता आलं पाहिजे, एवढाच माझा वेग.

संक्रांतीला येणार आहेस, तेव्हा मागचा लाल दिवा घेऊन ये, चार्जिंगचा. पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन इथे मिळतं, ते आणू नकोस. वर्ध्याहून येताना गोरसपाक मात्र आण, मोठ्या आईला आवडतो. तुझ्या बाबांची जुनी सायकल मी उघडून ग्रीस केली आहे, ब्रेकचे रबर बदलले आहेत, सीट तुझ्या मापानं वर घेतली आहे. त्या आठवड्याची धरणाची फेरी मी तुझ्यासाठी राखून ठेवते. सकाळी सातला निघायचं, स्वेटर लागेल.

तुझी,
आई