परवान्यातून सूट, पण कशाच्या भरवशावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लोकांच्या घरी वायरिंगचं काम घ्यायचं तर इलेक्ट्रिशियनचा परवाना लागतो. पण खांबावर चढून हजारो व्होल्टच्या तारा हाताळणाऱ्या वीज कंपनीच्या लाइनमनला तो लागत नाही. या सवलतीवर आपल्या अंकात आलेली टीका वाचली. ऐकायला हा उलटा न्याय वाटतो खरा, तरीही सवलत मुळात चुकीची आहे असं मला वाटत नाही. ती कुठवर ताणायची, हा खरा वाद आहे.

तिथे इमारतींच्या वायरिंगला 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' लागू होतो. वीज कंपनीच्या पूर्ण ताब्यातल्या वाहिन्या, रोहित्रं आणि मीटर त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यांच्यासाठी 'नॅशनल इलेक्ट्रिकल सेफ्टी कोड' ही निराळी संहिता आहे. इलेक्ट्रिशियनची परीक्षा पहिल्या संहितेवर बेतलेली. कोणत्या पाइपातून किती तारा न्यायच्या, कुठल्या सर्किटला किती अँपिअरचा ब्रेकर, हे त्याला चोख येतं. पण दोन खांबांमधल्या तारेला झोल किती ठेवायचा? शेजारच्या चालू वाहिनीमुळे बंद तारेत विद्युतदाब (व्होल्टेज) कसा निर्माण होतो? वीज गेल्यावर कुणी घरचा जनरेटर थेट वायरिंगला जोडला, तर तोच प्रवाह रोहित्रातून उलटा चढतो आणि 240 व्होल्टचे हजारो होऊन 'बंद' लाइनवर येतात. अशा वेळी दोन्ही बाजूंनी अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे अंगात मुरायला लाइनवरचीच उमेदवारी, म्हणजे काम करत शिकणं, लागते. तिथे ती साधारण 7000 तासांची, म्हणजे सुमारे चार वर्षांची असते. अशा माणसाला घरातल्या वायरिंगची परीक्षा द्यायला लावून कुणाचाच जीव वाचणार नाही.

शिवाय चक्रीवादळानंतर अनेक राज्यांतून लाइनमनची पथकं मदतीला धावतात. त्या प्रत्येकाकडे त्या त्या राज्याचा परवाना मागत बसलं, तर आधीच अंधारात असलेल्या लोकांना आणखी थांबावं लागेल.

इथवर सवलत पटते. पण काही राज्यांत ती कंपनीच्या नोकरांपुरती न राहता कंपनीने नेमलेल्या ठेकेदारालाही मिळते, आणि तिथे माझी गाडी अडते. कंपनीच्या माणसाला सूट द्यायचं कारण काय, तर त्याला घडवणारी आणि त्याच्यासाठी जबाबदार असलेली संस्था एकच असते. ठेकेदाराची टोळी आज या कंपनीच्या लाइनवर, उद्या दुसऱ्या. केंद्रीय कामगार सुरक्षा नियम 2014 मध्ये सुधारले, तेव्हा कंपनीने आपल्या वाहिन्यांवरचे माहीत असलेले धोके ठेकेदाराला कळवणं बंधनकारक झालं. नियम चांगलाच आहे. मात्र कामगाराला काय येतं हे ठरवतो त्याचा मालकच, आणि नोकरी बदलली की नवा मालक ते पुन्हा आपल्या परीने ठरवणार.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. हे केंद्रीय सुरक्षा नियम राज्य सरकारच्या आणि नगरपालिकांच्या नोकरांना लागू नसतात. राज्याने स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली असेल तरच त्यांना कायद्याचं तसं संरक्षण मिळतं. टेक्सासमध्ये अशी योजना नाही, आणि तिथे शहरांच्या मालकीच्या मोठ्या वीज कंपन्या आहेत. म्हणजे त्यांच्या लाइनमनला इलेक्ट्रिशियनच्या परवान्यातूनही सूट आणि केंद्रीय तपासनीसाची नजरही नाही. यातल्या काही कंपन्या आपल्या माणसांना उत्तम तयार करत असतीलही. पण कायद्याने तो भरवसा कशावर ठेवायचा?

तिथल्या वीज कामगारांची संघटना 1891 मध्ये अशाच धोक्यांच्या काळात उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होता आणि 1896 मध्ये कामावरच शॉक लागून, खाली कोसळून गेला. तेव्हा या कामात जीव जातो हे काही आज नव्याने सांगायची गरज नाही.

म्हणून इलेक्ट्रिशियनचा परवाना लाइनमनच्या गळ्यात अडकवू नये. त्याऐवजी उमेदवारीचे तास, कोणत्या दाबापर्यंत काम करता येतं आणि शेवटची कौशल्य तपासणी कधी झाली, याची नोंद असलेलं ओळखपत्र त्याच्या स्वतःच्या खिशात असावं. ते सगळ्या राज्यांनी मानावं, आणि नगरपालिकेच्या लाइनमनलाही ते चुकू नये. ठेकेदाराला सवलत द्यायचीच असेल, तर टोळीतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र पाहिल्यावरच द्यावी.

आपला,
एक वाचक