समुद्र पाहून मतदार कळत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला मालवणच्या मतदारांवरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहासोबत, दुसऱ्यांदा चहा गार झाल्यावर. लेखकमहाशय दोन दिवस तिथं राहिले, सुरमई खाल्ली, दोन रिक्षावाल्यांशी बोलले आणि किनाऱ्यावरचा माणूस विचारांवर मत देतो, आमच्या मराठवाड्यातला मात्र जातीवर अन् नात्यागोत्यावर, असा निकाल देऊन मोकळे झाले. एवढ्या वेळात तर आमच्याकडं पंचनामासुद्धा होत नाही.

मी मूळचा सेलूचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून 11 वर्षं मालवण तालुक्यात काढली. आमच्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा तिकडं लागली होती, आंतरजिल्हा बदलीची वाट बघत. त्यामुळं नाथ पै आणि दंडवते या समाजवादी खासदारांची नावं घेऊन मला कुणी कोकण शिकवू नये. मालवण तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होतं. नाथ पै तिथून 1957 पासून तीनदा निवडून आले, त्यांच्यानंतर मधु दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा. खरंय. पण पुढचं? कोकण रेल्वेसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, त्या दंडवत्यांना त्याच मतदारांनी 1991 ला, रेल्वेचं काम मार्गी लागलेलं असताना, घरी बसवलं. मग सुरेश प्रभूंचा धनुष्यबाण चार वेळा. नंतर पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघच गेला आणि नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात 2009 ला हात, दोनदा परत धनुष्यबाण, 2024 ला कमळ. यात विचार कुठं बसला होता ते लेखकांनीच दाखवावं. हातावर आलेले नीलेश राणे आणि कमळावर आलेले नारायण राणे हे बापलेक आहेत, हेही त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. नात्यागोत्याचं खापर मात्र आमच्या माथी!

आमचं म्हणाल तर 2024 च्या विधानसभेला परभणी जिल्ह्यातल्या चार जागांवर चार पक्ष निवडून आले. परभणीला मशाल, जिंतूरला कमळ, पाथरीला घड्याळ, गंगाखेडला राष्ट्रीय समाज पक्ष. काढा आता कल! बनी तो बनी, नहीं तो परभणी.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. डोकं फिरलं ते शेवटच्या परिच्छेदानं. मराठवाड्यातला शिकलेला नोकरदार म्हणे मतदानाबाबत उदासीन असतो.

2004 च्या लोकसभेला माझी ड्युटी मालवण तालुक्यातल्याच एका शाळेत होती. आदल्या रात्री वर्गात बाकं जोडून झोपलो, डासांनी फोडून काढलं. सकाळी सत्तरीची एक म्हातारी आली, अन् आत न येता पडवीतच टेकली. म्हटलं, आजी, चला. तर म्हणाली, "थांबतंय मास्तरांनू, झिलाचो मुंबयसून फोन येवचो आसा." कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता, तिकडं कान लावून बसली. मुंबईवरून निरोप येतो आणि गाव मत देतं, हे मीही तोवर ऐकून होतो. कालच्या लेखात तर ते सिद्धांत म्हणूनच छापलंय. दुपार झाली. आमच्या शिपायानं तिला पाणी दिलं. चारच्या सुमाराला उठली, पदर खोचला, आत आली. बोटं मासळीच्या पाण्यानं अशी सुरकुतलेली, की पोलिंग ऑफिसरनं आधी तिचं बोट रुमालानं पुसलं अन् मग शाई लावली. मशीन वाजलं. बाहेर जाताना मी विचारलं, आला का फोन? "नाय इलो. गेलो उडत. माजा मत मियां दिलंय." अन् असं हसली की दारातला पोलीसही हसला. कुणाला दिलं ते देवाला ठाऊक. लेखकांना ठाऊक असावं.

त्या दिवशी सगळ्या गावाचं मत झालं, माझं राहिलं. नाव सेलूच्या यादीत, ड्युटी समुद्रावर. टपाली मतदानाचा अर्ज, नमुना 12, मुदतीच्या आत भरून दिला होता, पोच आहे माझ्याजवळ. टपाली मतपत्रिका हातात पडली ती निकालानंतर आठव्या दिवशी. अजून ट्रंकेत आहे, कोरी. पोस्टमनचा दोष नाही, पाकीट निघालंच उशिरा. संबंधित कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्या एका मतानं काय होणार होतं?" मुकाट्यानं परत आलो, बदलीचा अर्ज तिथूनच पुढं जायचा होता. 2024 ला मुंबईतला एक खासदार 48 मतांनी निवडून आला, त्या रात्री मला त्या साहेबांची फार आठवण झाली.

तेव्हा उदासीन कोण, हे जरा तपासून छापत जा. दिवसभर शेकडो लोकांच्या बोटांना शाई लावून स्वतःचं बोट कोरं घेऊन परतणारे मास्तर, ग्रामसेवक, तलाठी या राज्यात किती असतील, यावर एखादी पुरवणी काढा. लागला तर ट्रंकेतला कागद देतो.

आणखी एक. लेखासोबत 'मालवणचा सिंधुदुर्ग' म्हणून छापलेला फोटो विजयदुर्गचा आहे. सिंधुदुर्गाला होडीनं जावं लागतं, विजयदुर्गात चालत शिरता येतं. तुमच्या फोटोत दरवाजापाशी मोटारसायकल उभी आहे.

हे पत्र छापायचं ठरवलंत तर मागच्या वेळेसारखं निम्मं कापू नका. आणि वर 'मराठवाडा' लिहून सवयीप्रमाणं भेगाळलेल्या जमिनीचा फोटो टाकू नका. परवापासून आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आहे, पेपरवाला पोरगा कालचा अंक डोक्यावर धरून घेऊन आला.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
सेलू, जि. परभणी