पंचनाम्याची न्हाणी

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

स. न. वि. वि. वगैरे. तब्येत ठीक. शुगर गोळीच्या धाकात आहे, गुडघे कुरकुरतात. बास.

वाईचं घर विकायला काढलंय हे तुला फोनवर बोललो होतो. त्यात आता आपल्या शेजारच्या पंचनाम्याने खोडा घातलाय. लेखी हरकत, तीही वकिलामार्फत. पुण्यात कुणाला सांगावं तर 'शेजारी म्हटल्यावर असं चालायचंच' म्हणतात आणि स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगचं रडगाणं सुरू करतात. या माणसाने एकेकाळी आपल्या टेनिस बॉलचासुद्धा जप्तीनामा केला होता, हे त्यांना काय ठाऊक! म्हणून म्हटलं सुध्यालाच लिहावं. फोनवर तू मध्ये बोलतोस.

गिऱ्हाईक चांगलं आहे. साताऱ्याचं डॉक्टर जोडपं. खाली दवाखाना, वर घर असं त्यांचं आहे, म्हणजे आपलं घर ते पाडणार. (माजघरातल्या तुळया पडवीसाठी ठेवू म्हणाले. मी काही बोललो नाही.) कर्ज काढणार असल्यामुळे बँकेला सगळं लख्ख हवं. त्यांच्या वकिलाने पेपरात जाहीर नोटीस दिली, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी पंचनाम्याचं पत्र हजर. मधली बोळ सबंध त्याची, का तर त्याच्या छपराच्या पागोळ्या तिथे पडतात. आणि मागची न्हाणी तर पूर्वापार त्याच्याच जागेत आहे, कुणाला विचारण्याचा प्रश्नच कधी आला नाही!

पूर्वापार! अरे, पूर्वापार म्हणजे ५ नोव्हेंबर १९८७. वानखेडेवरची सेमीफायनल. आपण त्याच्याच ओसरीत त्याचाच टीव्ही बघत होतो, गूच स्वीप मार मार मारत होता आणि मागे गवंड्याची थापी वाजत होती. गावसकर शतक ठोकणार म्हणून तू एक मिसळ पैजेवर लावली होतीस. तो चारवर गेला. मिसळ अजून यायची आहे.

तर पागोळ्यांचं आमच्या वकिलांनी दोन मिनिटांत निकालात काढलं. तुमच्या छपराचं पाणी वीस-वीस वर्षं माझ्या जागेत पडत असेल, तर ते पडू देण्याचा हक्क तुम्हाला मिळू शकतो. खालची जमीन मिळत नाही. न्हाणीचं मात्र तसं नाही.

मोजणी मागवली. द्रुतगतीचे चौपट पैसे भरले, कारण डॉक्टर किती दिवस थांबणार? लगतवाल्यांना नोटिसा गेल्या, ठरल्या दिवशी भूकरमापक आले. आता काठीवर पांढरी बशी लावलेलं यंत्र असतं, थेट उपग्रहाशी बोलतं. अंगणात झकास चाललं. बोळीत दोन्हीकडची छपरं इतकी जवळ, की बशीला आभाळच दिसेना. शेवटी काढला टेप. आणि सुध्या, शप्पथ सांगतो, टेपचं दुसरं टोक धरलं कुणी? पंचनाम्याने! ऐंशी पार झालाय, कमरेत वाकलाय, पण त्याला राहवेना. वर भूकरमापकालाच सांगतोय, 'झोळ आलाय, ओढून धरा.' मापं त्याने स्वतः मोठ्यांदा वाचली, माझ्या पोराकडून लिहून घेतली, आणि सहीची वेळ आल्यावर म्हणाला, 'मला हे मान्य नाही.' जन्मभर दुसऱ्यांचे पंचनामे करणारा माणूस स्वतःच्या पंचनाम्यावर सही करीना! तसा शेरा मारून ते लोक गेले.

काकूंनी त्या दिवशी मागच्या दाराने डबा पाठवला होता. भरली वांगी. त्याच हाताची, जराही फरक नाही. डबा परत द्यायला गेलो तर दारात पंचनामा उभा, म्हणाला, 'डबा घासलाय का?'

मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत आली. बोळ आमची. अभिलेखाची, म्हणजे सरकारी नोंदीतली हद्द सरळ रेघेत त्याच्या न्हाणीच्या पोटातून जाते, वहिवाटीची तुटक रेघ न्हाणीला वळसा घालून. दोन रेघांमधली पट्टी अठरा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. त्रेसष्ट चौरस फूट. गुंठ्याचे हजार एकोणनव्वद धरलेस तर हे सतरावा हिस्सासुद्धा नाही. वाटलं, झालं, नकाशा दाखवला की संपलं. वकील म्हणाले, मोजणी म्हणजे ताबा नव्हे. नकाशाने हद्द कळते, भिंत हटत नाही. हटवायची तर दिवाणी दावा. आणि दावा लागला की घर अडकलं. निकालापर्यंत कुणी शहाणा माणूस ते घेणार नाही, घेतलंच तर निकाल त्याच्या डोक्यावर बसणार. शिवाय समोरचा म्हणणार, आम्ही बारा वर्षांच्या वर उघडउघड मालक म्हणून वापरतोय, तुमचा हक्क केव्हाच गेला.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली आणि तिथे मला तू आठवलास. 'तुमच्या वडिलांनी परवानगी दिली होती का?' कारण परवानगीने राहिलेला माणूस नुसत्या वर्षांच्या जोरावर मालक होत नाही.

आता नानांनी काय म्हटलं होतं ते ऐकणारा मी नव्हे. मी टीव्हीला चिकटलो होतो. तू मागे हात धुवायला गेला होतास. नाना आणि पंचनामा बोळीत उभे होते, आणि तो म्हणाला की थोडं तुमच्या बाजूला येतंय. नाना काय म्हणाले ते तू मला संध्याकाळी गणपती घाटावर सांगितलंस, आणि मॅच हरल्याच्या रागात मी ते अर्धवट ऐकलं. मी कोर्टात सांगायला गेलो तर ती ऐकीव गोष्ट. तू सांगितलंस तर साक्ष.

घाबरू नकोस, तुला इंदूरहून वाईच्या कोर्टात खेचत नाही. दावा मी करणारच नाही. पंचनाम्याने मधल्या काळात तडजोडही सुचवली होती, मोठ्या औदार्याने. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दे की न्हाणीची जागा पहिल्यापासून आमचीच, म्हणजे मी हरकत मागे घेतो. (हो, पाचशे. शंभराचा जमाना गेला.) एक तर जागा अशी कागदावर खरडून देता येत नाही, रीतसर खरेदीखत नोंदवावं लागतं. पण ते राहू दे. सरळ माग ना! 'मधू, ही जागा मला हवी, काय ती किंमत कर' असं म्हणाला असता तर मी रजिस्ट्रारकडे जाऊन फुकटसुद्धा दिली असती, हिचा ओरडा खाऊन. 'पहिल्यापासून आमचीच' मी लिहून देणार नाही. त्याने नानांना विचारलं होतं. गल्लीत एकाच माणसाला त्याने आयुष्यात काही विचारलं असेल तर ते नाना, आणि नाना हो म्हणाले. छत्तीस रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवरून पोस्टमास्तरांशी भांडणारे नाना! आज हा म्हणतो, विचारलंच नव्हतं. मला त्रेसष्ट फुटांचं काही वाटत नाही रे. याचं वाटतं.

धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, गिऱ्हाइकाला न्हाणीचं सांगायचंच कशाला, नकाशा त्यांनी मागितलाय का? त्याच्याशी यावरून चांगलंच वाजलं. अरे, हरकतीचं पत्र त्यांच्याच वकिलाकडे आलंय, लपवतोस काय? आणि नसतं आलं तरी अशी भानगड विकणाऱ्याने सांगायलाच हवी, कायदाही तेच म्हणतो. मी डॉक्टरांना बोळीत उभं करून खडूने रेघ मारून दाखवली. बाई हुशार. म्हणाल्या, एवढी जागा किमतीतून वजा करा, खरेदीखतात नकाशा जोडा आणि इतकी जागा शेजाऱ्यांच्या वहिवाटीत आहे असं स्पष्ट लिहा, नवं बांधकाम आम्ही अलीकडच्या रेघेपासून अंतर सोडून बसवू. बँकेचा वकील थोडा कुरकुरला, पण बोळीवरच्या हक्काला न्हाणीचा काही अडसर नाही हे त्याला पटलं. साठेखत झालं. पंचनाम्याला रीतसर उत्तर गेलं, सोबत नकाशा. त्यावर त्याचं अजून काही नाही. मला वाटतं तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागवणार. मागवू दे, टेप धरायला मिळेल.

तुझं काम एवढंच. नाना त्या दिवशी नक्की काय म्हणाले, कसे म्हणाले, हसून की वैतागून, ते आठवेल तितकं लिहून पाठव. वकिलांना नको, मला. खोटं काही घालू नकोस. तुला सवय आहे, दहावीच्या सहलीची गोष्ट तू दर वेळी वेगळी सांगतोस.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चष्मा लागला का? चिन्मयीला नोकरी लागल्याचं हिला कळलं, मला तू सांगितलं नाहीस, हे लक्षात ठेवलंय. अभिनंदन सांग.

खरेदीखत पुढच्या महिन्यात. त्याआधीच्या शनिवारी माळा रिकामा करतोय. तुझी ट्रंक आहे, तिच्यात काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही (पाहिलं). कॅरम मी नेणार. तो माझा होता, माझ्या मामाने दिला होता, यावर चर्चा नाही. हरकत असेल तर समक्ष येऊन नोंदव.

तुझा,
मधू

ता. क. येणार असशील तर शुक्रवारी रात्रीच पुण्यात उतर, सकाळी गाडीने बरोबर जाऊ. वाटेत मिसळ तुझ्याकडून.